झे. टेलर

माळा आवरताना चुलतभावाची, म्हणजे दादाची, जुनी वही सापडली. वर्तमानपत्रातले धावफलक कापून खळीने चिकटवायचा त्याला नाद होता. खळीच्या वासाने कसरीला मेजवानी मिळालेली, त्यामुळे वहीचे काठ जाळीदार झालेत. पण मधलं एक पान शाबूत राहिलंय. फेब्रुवारी १९८०, वानखेडे स्टेडियम, भारत विरुद्ध इंग्लंड. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खेळलेली एकुलती एक कसोटी.

पानावर 'झे. टेलर', म्हणजे झेल टिपला तो इंग्लंडचा यष्टिरक्षक टेलर, इतक्या वेळा आलंय की छापखान्यात खिळा अडकला असावा असं वाटतं. भारताच्या पहिल्या डावात सात वेळा, दुसऱ्यात तीन वेळा. 'झे. टेलर गो. अमुक' हे आपण कसं वाचतो ते आठवून पाहा. नजर 'झे.'वरून टुणकन उडी मारते ती 'गो.'वर. विकेट कोणाची? गोलंदाजाची. मधला टेलर आपण ओलांडून जातो, जिन्यात बसलेल्या माणसाला ओलांडावं तसा.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही गिरगावात राहायचो. सामना शुक्रवारी सुरू झाला आणि शनिवारी बंद. कारण शनिवारी, सोळा तारखेला, सूर्यग्रहण होतं. कसोटीत तेव्हा एक विश्रांतीचा दिवस असे, तो मंडळाने मुद्दाम ग्रहणाच्या दिवशी धरला. आजीने पाण्यात, लोणच्याच्या बरणीत, दुधात तुळशीपत्रं टाकली, खिडक्या लावल्या आणि आम्हाला घरात कोंडलं. दुपारी गिरगावचा रस्ता इतका ओस मी पुन्हा कधी पाहिला नाही. ग्रहण सुटल्यावर खालून 'दे दान सुटे गिराण' ऐकू आलं, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, आणि दादा रेडिओचा कान पिळून उद्याची वाट पाहत बसला. त्या साहेब लोकांनी हॉटेलात बसून काय केलं असेल, त्यांनाही कोणी पाण्यात तुळशीपत्र टाकून दिलं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत दोन तट पडले. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. इयान बोथम आणि टेलर खेळत होते, डाव हळूहळू सावरत होते. कपिलच्या चेंडूवर यष्टीमागे झेल गेल्याचं अपील झालं आणि पंच हनुमंत रावांनी टेलरला बाद दिलं. टेलर घुटमळला. पहिल्या स्लिपमध्ये आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ उभा होता. त्याच्या मते चेंडू बॅटला लागलाच नव्हता. त्याने पंचांशी बोलून अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. पुढे त्या दोघांनी १७१ धावांची भागीदारी केली, बोथमने ११४ केल्या, टेलरने ४३, आणि इंग्लंडने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून म्हणजे काय ते कळायच्या वयात मी नव्हतो, पण दादाचं तोंड बघून अंदाज आला. 'माणुसकी दाखवायची तर मॅच संपल्यावर दाखवावी,' असं दादाचं म्हणणं. तळमजल्यावरचे एक काका मात्र विश्वनाथवर इतके खूश की त्यांनी आम्हा पोरांना गोळ्या वाटल्या. दोघांच्याही बोलण्यात टेलर नव्हता. विश्वनाथच्या दिलदारीची गोष्ट आजही सांगतात, त्यातही टेलर म्हणजे ज्याला परत बोलावलं तो. व्याकरणात सांगायचं तर कायम कर्म, कर्ता कधीच नाही.

त्या सामन्यात बोथमने शतक केलं आणि तेरा बळी घेतले. पुरुषांच्या कसोटीत एकाच सामन्यात शतक आणि दहा बळी तोवर कोणालाच जमले नव्हते. म्हणून तो सामना बोथमचा, हे मला मान्यच आहे. पण दहा बळी मिळवणारा यष्टिरक्षकही तोवर कसोटीत झाला नव्हता. नऊचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या गिल लँगलीचा होता, १९५६ पासूनचा. टेलरचे दहा झेल पंधरा वर्षं टिकले. मग १९९५ मध्ये जॅक रसेलने जोहान्सबर्गला अकरा घेतले, पुढे डिव्हिलियर्सने आणि २०१८ मध्ये अॅडलेडला आपल्या ऋषभ पंतने त्याची बरोबरी केली.

वही सापडल्यापासून हा टेलर माझ्या डोक्यात घर करून बसलाय.

रॉबर्ट विल्यम टेलर, म्हणजे बॉब. जन्म १९४१ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. हे गाव चिनी मातीच्या भांड्यांचं. आपल्याकडे जुन्या घरांत काचेच्या कपाटात एखादा विलायती टी-सेट असायचा, पाहुणे आले तरच बाहेर निघायचा, त्यातल्या कितीतरी बशांचं माहेर हेच गाव. अशा गावच्या मुलाचे हात मऊ असावेत यात मला उगाचच संगती दिसते. कीपरचा हात मऊ असावा लागतो म्हणजे चेंडू येताना हाताने किंचित मागं सरावं लागतं. नव्वद मैलांच्या वेगाने आलेल्या चेंडूला विरोध केला की तो उसळून निसटतो, वर बोट मोडतं. निसटत्या कपाला झेलताना घरातली बाई हात जसा खाली नेत नेत पकडते, तसं ते आहे. टेलरच्या हातांत चेंडू पडल्याचा आवाज होत नसे, असं त्याला पाहिलेली माणसं सांगतात.

१९६१ मध्ये डर्बीशायर या काउंटीचा, म्हणजे इंग्लंडमधल्या जिल्हा संघाचा, कीपर जॉर्ज डॉक्स गुडघ्याने बसला आणि टेलरला जागा मिळाली. ती त्याने १९८४ पर्यंत सोडली नाही. तो आला तेव्हा इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. हौशी म्हणजे 'जंटलमन', आणि पगार घेणारे म्हणजे 'प्लेअर्स'. धावपत्रिकेत हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, पगारी खेळाडूची आडनावानंतर. हे वेगळेपण १९६२ च्या अखेरीस निघालं. म्हणजे पहिले दोन मोसम आपला माणूस 'टेलर, आर. डब्ल्यू.' होता, शाळेच्या हजेरीपटावर असावा तसा. आडनावाच्या पुढे-मागे दोन अक्षरं इकडची तिकडे करून माणसाची पायरी दाखवायची युक्ती वाचून मला हसूही आलं आणि आपल्याकडच्या काही गोष्टी आठवून हसू आवरलंही.

काउंटी क्रिकेट म्हणजे मोसमी नोकरी. एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्याचे सहा दिवस. १९६९ मध्ये रविवारची स्पर्धा निघाली तेव्हा सातवाही गेला. एक सामना संपला की गाडीत सामान टाकायचं आणि रात्रीतून दुसऱ्या गावाला. यात कीपरचा हिशोब करून पाहा. दिवसाला शंभर षटकं धरली तर सहाशे चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला एक उठाबशी. आम्हाला शाळेत मास्तरांनी पन्नास काढायला लावल्या तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. टेलरने प्रथम श्रेणीचे ६३९ सामने खेळले.

पुन्हा बसणं आणि उठणं यातही मेख आहे. नवशिक्या कीपर चेंडू पडायच्या आधीच उठतो. चांगला कीपर चेंडूबरोबर उठतो. चेंडू खाली राहिला तर तोही खालीच राहतो. त्यातून इंग्लंडची हवा अशी की चेंडू फलंदाजाला चकवून गेल्यावर मग त्याला वळायची लहर येते. लॉर्ड्सवर तर तो यष्ट्या ओलांडल्यावर डुलायला लागतो. फलंदाजाचा त्याच्याशी संबंध संपलेला, गोलंदाज डोक्याला हात लावून उभा, आणि कीपरची परीक्षा तिथून सुरू. सुटला तर पाटीवर 'बाय' चढतात. बाय हा धावफलकातला असा एक रकाना आहे जो रिकामा राहिला तर कोणी शाबासकी देत नाही. शून्य छापतसुद्धा नाहीत.

१९७५ मध्ये त्याला डर्बीशायरचा कर्णधार केलं. पुढच्या मोसमात त्याने ते सोडलं, कारण त्यामुळे कीपिंग बिघडतंय असं त्याला वाटलं. पद मिळाल्यावर मूळ काम बिघडतं हे आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत इतरांना दिसतं. स्वतःला दिसलेला हा एक.

आणि तरी इंग्लंडच्या संघात त्याला जागा नव्हती, कारण तिथे अॅलन नॉट होता. नॉट कीपर म्हणून जगातल्या पहिल्या रांगेतला, त्यात कसोटीत पाच शतकं ठोकणारा. टेलरची बॅट त्यामानाने बेताची. म्हणून तो दौऱ्यावर जायचा ते दुसरा कीपर म्हणून. दुसरा गोलंदाज खेळतो, दुसरा सलामीवीरही खेळतो, पण दुसरा कीपर म्हणजे लग्नघरातला राखीव भटजी. पहिल्याचा घसा बसला तरच त्याच्या मंगलाष्टका. १९७१ मध्ये न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चमध्ये नॉटला विश्रांती दिली तेव्हा टेलरला एक कसोटी मिळाली. मग पुढची थेट १९७७ च्या डिसेंबरात लाहोरला, तीही नॉट ऑस्ट्रेलियन धनाढ्य केरी पॅकरच्या खासगी क्रिकेटमध्ये गेला म्हणून. मध्ये जवळजवळ सात वर्षं गेली. टेलर तोवर छत्तीस वर्षांचा झालेला. त्याच्या सत्तावन्न कसोट्यांपैकी छप्पन्न त्याने छत्तिशीनंतर खेळल्या, शेवटची बेचाळिसाव्या वर्षी. पॅकरवर त्या काळी इंग्लंडमध्ये केवढी आगपाखड झाली! टेलरने मनातल्या मनात त्याच्या नावाने एखादी मेणबत्ती लावली असली तर मी त्याला दोष देणार नाही.

या सात वर्षांत त्याने आदळआपट केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. उलट तो गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध, संघातलं टोपणनावच 'चॅट'. समारंभांत इतर खेळाडू भिंतीला चिकटून उभे राहत तेव्हा हा यजमानांशी मनापासून बोलत बसायचा. दौऱ्यावर न खेळणाऱ्याला हे एक काम आपसूक येतंच.

बॅटने त्याला एकदा हूल दिली आणि एकदा साथ. १९७९ च्या सुरुवातीला अॅडलेडला इंग्लंडचे सहा गडी १३२ वर गेले असताना तो जेफ मिलरबरोबर उभा राहिला. दोघांनी १३५ जोडल्या, इंग्लंडने सामना जिंकला, टेलर ९७ वर बाद झाला. कसोटी शतक ते राहिलंच. आणि १९८१ मध्ये, काउंटीत वीस वर्षं काढल्यावर, यॉर्कशायरविरुद्ध शेफिल्डला त्याचं प्रथम श्रेणीतलं शतक झालं. मोजून शंभर धावा. कारकिर्दीतलं ते एकमेव. त्याच वर्षी कसोटी मालिकेच्या शेवटच्या दोन सामन्यांत निवडसमितीने पुन्हा नॉटला बोलावलं, हेही ओघाने सांगून टाकतो.

आजच्या काळात त्याचं काय झालं असतं? मला वाटतं, काउंटीच्या दारातूनच परत पाठवलं असतं. आता कीपरला आधी विचारतात, तू कितव्या नंबरवर येतोस. सोळा-सतराची सरासरी सांगणाऱ्याला कोण उभं करणार? हा व्यवहार आहे आणि व्यवहार म्हणून बरोबर असेल. पण सुटलेला एक झेल पुढे किती धावांना पडतो ते पाटीवर लिहीत नाहीत, म्हणून तो व्यवहार बरोबर वाटतो असाही मला संशय आहे. टेलरने प्रथम श्रेणीत १६४९ जणांना माघारी धाडलं, १४७३ झेल आणि १७६ यष्टिचीत. जगात कोणत्याही यष्टिरक्षकाने याहून जास्त बळी मिळवलेले नाहीत, आणि आता एवढे सामनेच कोणी खेळत नाही म्हटल्यावर पुढेही कोणी मिळवणार नाही.

त्याची मला सगळ्यात आवडती गोष्ट मात्र या आकड्यांत नाही. जुलै १९८६, लॉर्ड्स, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. टेलर निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. वय पंचेचाळीस. आता तो सामन्याच्या प्रायोजक विमा कंपनीच्या तंबूत पाहुण्यांची सरबराई बघायचा. चॅटला साजेशी नोकरी. इंग्लंडची फलंदाजी चालू असताना रिचर्ड हॅडलीचा चेंडू त्यांचा कीपर ब्रूस फ्रेंच याच्या डोक्याला लागला. न्यूझीलंडचा डाव सुरू झाला तेव्हा बिल अॅथीने कशीबशी दोन षटकं ग्लोव्ह्ज घातले. मग कोणाला तरी आठवलं की बॉब टेलर तर मैदानातच आहे. बदली खेळाडूला तेव्हा सहसा कीपिंग करू देत नसत (नियम बदलला तो २०१७ मध्ये), म्हणून समोरच्या कर्णधाराची परवानगी मागितली. जेरेमी कोनी 'हो' म्हणाला. टेलर पाहुण्यांना सोडून निघाला. पॅड आणि कपडे याचे-त्याचे घेतले. ग्लोव्ह्ज मात्र स्वतःचे, ते त्याच्या गाडीतच होते.

इथे मी वाचता वाचता थांबलो. निवृत्त माणूस गाडीत ग्लोव्ह्ज कशाला ठेवतो? आई शाळेतून निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी तिच्या पर्समध्ये मला पांढऱ्या खडूचा बोटभर तुकडा सापडला होता. 'टाकू का?' विचारलं तर म्हणाली, 'असू दे रे. जागा काय खातोय?'

तर तो मैदानात उतरला, दोन वर्षांनी उकिडवा बसला, आणि दिवस संपेपर्यंत असा उभा राहिला की मध्ये खंड पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स आला, शेवटी सावरलेला फ्रेंच. एका डावात चार कीपर.

दादाच्या वहीत तो सामना नाही, तोवर त्याचा नाद सुटला होता. म्हणून मी मोबाइलवर धावफलक शोधला. इंग्लंडच्या अकरा नावांत टेलर नाही. कीपरची खूण आहे ती फ्रेंचच्या नावापुढे.