तुम्ही विचारलंत म्हणून: तापटपणा जीनमध्ये असतो का?

इंदुरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो: "मुलगा फार तापट आहे, थेट आजोबांवर गेलाय. लाळेची जीन टेस्ट करून घ्यावी का?"

स्वभावात आनुवंशिकता आहे, यात शंका नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक दिसतो. मात्र हा आकडा समूहातल्या फरकाचा आहे. मुलाचा निम्मा राग आजोबांचा, असा हिशेब त्यातून निघत नाही.

घोळ झाला तो एका जीनला एक स्वभाव चिकटवण्याने. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. ते पुन्हा पेशीत ओढून घेणारं प्रथिन बनवणारा जीन १७व्या गुणसूत्रावर आहे. त्याचं ४४ अक्षरांनी (म्हणजे डीएनए ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यांनी) आखूड रूप काळजीखोर स्वभावाशी जोडलेलं आहे, असा दावा १९९६ साली झाला. त्याच वर्षी डोपामिन या तशाच दुसऱ्या रसायनाशी निगडित डीआरडी४ जीनमध्ये ४८ अक्षरांचा तुकडा सात वेळा आला की नव्याची ओढ वाढते, असंही म्हटलं गेलं. सेरोटोनिनचा मूळ अभ्यास जेमतेम ५०५ जणांचा होता आणि त्यातही स्वभावातल्या फरकात या जीनचा वाटा ३-४ टक्केच होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तेवढाही उरला नाही. २०१८ साली सुमारे साडेचार लाख लोकांचा डीएनए तपासला, तेव्हा काळजीखोरपणाशी निगडित डीएनएमधल्या १३६ जागा सापडल्या; प्रत्येकीचा परिणाम अगदी किंचित.

टेस्टमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि ती कुणी सांगत नाही. लाळेच्या स्वस्त टेस्टमधली चिप एकेक अक्षराचा बदल वाचते. वर सांगितलेले दोन्ही बदल लांबीचे आहेत. ते मोजायला पीसीआरने त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून त्याची लांबी पाहावी लागते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ही नावं असली, तर 'लांबी प्रत्यक्ष मोजली की शेजारच्या अक्षरावरून अंदाज केला?' हे आधी विचारा. सीओएमटी जीनमधला एका अक्षराचा बदल चिपवर नीट वाचता येतो. डोपामिन मोडणाऱ्या एन्झाइमचा वेग त्याने खरोखर कमी-जास्त होतो. पण एन्झाइमचा वेग कळला म्हणून स्वभाव कळत नाही, आणि रिपोर्टमधल्या अशा ओळीवरून मुलाला 'तापट' ठरवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

टेस्टपेक्षा दोन आठवडे वही ठेवा: राग आला ती वेळ, आधीच्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं कधी, आधी काय घडलं. मारहाण किंवा शाळेतल्या तक्रारी होत असतील, तर ती वही घेऊन बालमानसतज्ज्ञाकडे जा.