पाटीवरचं नाव, पाण्यावरची नाव

आमच्या दुकानावर दोन पाट्या आहेत. वरची अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली रंगवली. पत्र्यावर निळी जमीन आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. ऊन खाऊन निळा फिका पडलाय, पण एकाही अक्षराची कड सुटलेली नाही. खालची पाटी माझी. तिच्यावर ओहोटीच्या चिखलात कलंडलेली एक होडी आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘जलरंग चित्रे, भिंतीवरील चित्रे, फ्रेम’. साखर पेठेत येणारा नवा माणूस हमखास विचारतो, सोलापुरात होड्या कशा काय? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ही वाटचाल लिहायला घेतली.

अण्णांचं काम म्हणजे पाट्या. किराणा दुकान, पिठाची गिरणी, चादरीचे कारखाने, ट्रकची पाठ, निवडणुकीतल्या भिंती, गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे आणि स्टॉल. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा जवळ आली की आमच्या घरी रात्री जेवणं उशिरा व्हायची. सोलापुरातल्या पेंटरला एका लिपीवर भागत नसे. पेठेत तेलुगू, अक्कलकोट रस्त्याला कन्नड, बाजारात उर्दू आणि सगळीकडे मराठी. अण्णा मराठी लिहायचे. तेलुगू आणि कन्नड लिहायला मामा होते. ते आमचे नातेवाईक नाहीत, दुकानातले कारागीर. पण मी चालायला लागलो तेव्हापासून त्यांना मामाच म्हणतो.

अक्षराचं पहिलं शिक्षण मला या दोघांनी दिलं. अण्णा आधी चुन्याच्या पुडीत दोरी बुडवून ती पत्र्यावर ताणून मारायचे. ती शिरोरेघ. देवनागरी अक्षर तिला लटकतं, म्हणून वरची रेघ चुकली की खालचं सगळं चुकतं. मामांची अक्षरं गोल. तेलुगू अक्षराचा वळसा मध्ये ब्रश उचलला तर मोडतो, तो एका दमात घ्यावा लागतो. मी अडखळलो की मामा मागून म्हणायचे, “मनगट फिरवू नको बे, खांदा फिरव.” हे वाक्य मला पुढे कुठं उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या गेल्या, म्हणून अण्णांनी मला एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, घातलं. मुलगा ड्रॉइंग मास्तर होईल, परांचीवर चढणार नाही, एवढीच त्यांची इच्छा. मात्र मकबूल फिदा हुसेन आपल्या पंढरपूरचे, १९१५ साली तिथं जन्मले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. पेंटर आणि चित्रकार यांच्यात भिंत नाही, असं त्यांना त्यातून म्हणायचं असे.

१९९४ च्या हिवाळ्यात आमची अभ्याससहल रत्नागिरीला गेली. मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत एस.टी. उतरली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मिरकरवाड्याचं बंदर पाहिलं. वास आधी आला, मग पाणी दिसलं. एकमेकींना खेटून उभ्या शेकडो होड्या, त्यांच्या डोलकाठ्या आणि प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हातानं लिहिलेलं नाव. देवीचं, वडिलांचं, लेकीचं. पेंटरच्या पोराचं लक्ष आधी अक्षरांकडेच गेलं. सरांनी आम्हाला सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची जलरंगातली कामं छापील पानांवर दाखवली होती. रंग कमी आणि उजेड जास्त कसा ठेवायचा, ते त्यांच्याकडून शिका म्हणायचे. तीन दिवसांत मी अकरा चित्रं केली. इतका आनंद मला त्याआधी कशात झाला नव्हता.

परत आलो आणि चार महिन्यांत अण्णा एका गोदामाच्या भिंतीवर काम करताना परांचीवरून पडले. कंबरेला मार बसला. पुढं ते बसून लिहू शकत होते, चढू शकत नव्हते. मी कोर्स अर्धवट सोडला. अकरा चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी पेटीत गेली. मला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, अण्णांनी तर नाहीच. घरात दोन बहिणी होत्या आणि दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं, इतकंच.

पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली. मग फ्लेक्स आला. हातानं दोन दिवस लागणारी पाटी दोन तासांत छापून मिळायला लागली, तीही गिऱ्हाइकाच्या फोटोसकट. आमच्या ओळखीतल्या कितीतरी पेंटरनी ब्रश ठेवून दिले. कुणी घरांना रंग द्यायला लागलं, कुणी रिक्षा घेतली. मी २००६ मध्ये कर्ज काढून रेडियम कापायचं मशीन आणलं. नंबर प्लेट, काचेवरची अक्षरं, गाड्यांवरचे पट्टे. हप्ते फिटले, धंदा टिकला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मामा रोज येऊन बसायचे आणि त्यांना द्यायला काम नसायचं. ते नुसते ब्रश धुऊन, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवायचे. खारीच्या केसांचे ते जुने ब्रश आज माझ्या हातात आहेत, ते त्यांच्या त्या सवयीमुळे.

२०१७ मध्ये मालवणकडचे एक गृहस्थ दुकानात आले. सोलापुरात त्यांना मासळीची खानावळ काढायची होती. पाटी फ्लेक्सची चालेल, पण आतल्या भिंतीवर होडी हवी आणि ती हातानं काढलेली, ही त्यांची अट. मी होकार दिला. बारा फूट रुंद भिंत, तीन दिवसांचं काम. निळा समुद्र, केशरी आकाश, मधोमध होडी. मला ते छानच वाटत होतं.

चौथ्या दिवशी ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या होडयेत माणसां खंय बसतली?”

मला आधी कळेना. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. होडी पाण्यावर नुसती टेकवल्यासारखी होती, तिचं वजन पाण्यात उतरलंच नव्हतं. नाळ आणि मागची बाजू दोन्ही सारख्याच उचललेल्या. आत खोली नाही, फळी नाही, जाळं ठेवायला जागा नाही. “तुमी होडयेचो फोटो काढल्यात. होडी न्हय.” पैसे त्यांनी पूर्ण दिले. मी घरी आलो आणि तेवीस वर्षांनी पेटी उघडली.

कसरीनं चार चित्रं खाल्ली होती, सात शिल्लक होती. त्या सातही चित्रांतल्या होड्यांमध्ये माणसांना बसायला जागा होती. एकोणीस वर्षांच्या मुलानं समोर बसून काढल्या होत्या ना! बायकोनं ती सगळी फरशीवर मांडून पाहिली आणि म्हणाली, “अहो, हे तुम्ही मला कधी दाखवलंच नाही.” त्याच डिसेंबरात आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो. माझं दुसरं शिक्षण तिथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर या लेखात मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहायचंय.

पहिली गोष्ट वेळेची. ओहोटीची होडी काढायची तर ओहोटी कधी ते कळायला हवं. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या खलाशानं हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांवर ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाचला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, सूर्य वर येताना होड्या अजून चिखलात कलंडलेल्या असतात आणि कोवळं ऊन त्यांच्या पोटावर पडतं. तेव्हापासून आमच्या दुकानातल्या पंचांगावर माझ्या खुणा असतात. आमच्या रत्नागिरीच्या फेऱ्या लग्नसराई आणि तिथी अशी दोन्ही सांभाळून ठरतात.

दुसरी गोष्ट हवेची. जलरंग म्हणजे पाणी वाळायच्या शर्यतीत काम करणं. रत्नागिरीच्या दमट हवेत आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, लवकर वाळत नाही; तुम्ही होडी काढायला घेता आणि तिची कड आकाशात पसरते. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की उलटं, ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून डाग पडलेला असतो. त्यासाठी मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवतो, पाण्यात ग्लिसरीनचे थेंब घालतो आणि उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठच काम करतो. कागद जाड, तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) घेतो. त्याहून पातळ कागद आमच्या हवेत पापडासारखा वळतो.

तिसरी गोष्ट प्रतिबिंबाची. पाण्यात काळ्या होडीचं प्रतिबिंब थोडं उजळ दिसतं आणि पांढऱ्या होडीचं थोडं गडद. हे एकदा डोळ्यांना कळलं की चित्रातलं पाणी ओलं वाटायला लागतं. मी खानावळीच्या भिंतीवर होडी जशीच्या तशी उलटी करून ठेवली होती, त्यामुळे ते पाणी आरशासारखं कडक झालं होतं.

आणि चौथी, होडीची कड. नाळेपासून खाली उतरत मध्यावर येणारी आणि मागं पुन्हा चढणारी ती एक रेघ. ती तुकड्या-तुकड्यांनी काढली की होडी मोडल्यासारखी दिसते. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मी दहा वेळा काढून दहा वेळा पुसली. मग मामा आठवले. खांदा फिरवला. ती रेघ म्हणजे तेलुगू अक्षराचा वळसाच होता. परत आल्यावर मामांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद हातात धरला आणि मला म्हणाले, “आता लिवायला लागलास बघ.”

धंद्यात हे एकदम उतरलं नाही. पहिलं वर्षभर मी रविवारी उजनीच्या काठाला जात होतो. भीमेवरचं ते धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि आमच्या कोरड्या मुलखात मच्छीमारांच्या होड्या दिसायला लागल्या. टेंभुर्णीच्या पुढं पहाटे उजेड फुटताना जाळी ओढणारी माणसं दिसतात, हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी उतरतात. समुद्र नाही, पण होडी पाण्यात किती बसते हे शिकायला तेवढं पुरतं. ती चित्रं बायकोनं माउंट करून दुकानाच्या काचेत लावली. नंबर प्लेटला आलेली माणसं थांबून बघायला लागली. पहिलं चित्र एका यंत्रमागवाल्यानं बाराशे रुपयांना घेतलं. फ्रेमचं काम तिनं तिथूनच हातात घेतलं. आज लाकूड निवडण्यापासून काच कापण्यापर्यंत सगळं तीच बघते आणि आमच्या दुकानाचा तो सगळ्यात भरवशाचा भाग आहे. दवाखान्यांतल्या, शाळांतल्या, घरांतल्या भिंतींची कामं येतात. हातानं रंगवलेल्या पाट्याही पुन्हा मागायला लागलेत, म्हणून मामांच्या पुढ्यात आता काम असतं. रेडियमचं मशीन विकलेलं नाही. ते भाचा चालवतो.

लोक विचारतात, इथं समुद्र कोण घेतं? घेतात. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला घरात पाण्याचं चित्र का हवंसं वाटतं, हे मला समजावून सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी आठवडाभर मी रत्नागिरीत होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, डागडुजी होते, रंग लागतो. एका मालकाचा पेंटर तापानं पडला होता. माझ्या हातातला ब्रश बघून त्यानं विचारलं, नाव लिहाल का? आईचं नाव होतं. पावसाची उघडीप बघून लाकूड पुसून कोरडं केलं आणि एनॅमल उघडलं. चुन्याची दोरी मारायला गेलो तर ती बसेना, कारण होडीला सरळ जागाच नाही. सरळ मारलेली शिरोरेघ तिथं खाली वाकलेली दिसते. मग बांबूची पातळ कामटी कडेच्या वळणावर टेकवून तिच्या बाजूनं रेघ ओढली आणि अक्षरं त्या वळणाला लटकवली. दोन्ही बाजूंना मिळून साडेचार तास लागले. मालकानं पैसे विचारले, मी घेतले नाहीत. त्यानं डबा दिला.

तीच होडी दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवायची असं ठरवून झोपलो. सहाला धक्क्यावर गेलो, ती निघून गेली होती. व्हॅन गॉग या डच चित्रकाराचंही असं व्हायचं, हे मला एटीडीच्या सरांनी सांगितलेलं आठवलं. १८८८ साली फ्रान्समधल्या सेंत-मारी गावात होड्या पहाटेच दर्यात जात, म्हणून त्यानं निघायच्या दिवशी भल्या सकाळी वाळूवर त्यांचं रेखाटन केलं आणि रंगीत चित्र नंतर त्यावरून केलं. त्यातल्या एका होडीवर नाव लिहिलंय, ‘अमितिये’. म्हणजे मैत्री.

माझ्याकडे रेखाटनही नव्हतं. पण साडेचार तास हात त्या होडीच्या अंगावर फिरला होता. सोलापूरला येऊन आठवणीनं चित्र केलं, तीन पहाटा लागल्या. वाळल्यावर ते घेऊन खानावळीत गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. मालकांनी हात पुसले, चित्र टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि आईच्या नावावरून बोट हळूच मागं नेत मोजायला लागले. “हंय दोन. हंय जाळां. हंय आणि चार.”

त्या भिंतीवरची जुनी होडी खरवडून नवी काढायचं काम त्यांनी मला पुढच्या सोमवारपासून दिलंय.