मधली पाने

स्वतःसाठी ठरवलेल्या कामाची अडचण अशी, की ते अर्धवट राहिले तरी कोणाचे काही अडत नाही. कार्यालयातले काम तुंबले तर वरिष्ठ विचारतात, परीक्षेची तारीख आपल्या सोयीने पुढे सरकत नाही, कर्जाचा हप्ता ठरल्या दिवशी खात्यातून जातोच. पण नवी भाषा शिकायची, रोज पोहायला जायचे किंवा अनेक वर्षे मनात घोळणारी कादंबरी एकदाची लिहून काढायची, असे ज्याने स्वतःशीच ठरवलेले असते, त्याला ‘कुठवर आले?’ असे विचारणारे कोणी नसते. असलेच तर त्या प्रश्नात धाक नसतो. हुकूम सोडणारा आणि तो पाळणारा एकच असल्यामुळे सवलती फार उदारपणे मंजूर होतात.

तरीही सुरुवात बहुतेकांना छान जमते. नव्याच्या नऊ दिवसांची आपण थट्टा करतो, पण ते नऊ दिवस खरोखरच असतात आणि फुकट मिळतात. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामशाळेतली वर्दळ आठवडा, महिना आणि वर्ष यांच्या आरंभी वाढलेली आढळली. नवी तारीख उजाडली की कालपर्यंतचा आळशी माणूस कोणी दुसराच होता, असे मानण्याची मुभा मिळते. भाषा शिकण्यासाठी आणलेली एखादी वही उघडून पाहावी. पहिल्या पानावर पट्टीने आखलेला समास, शीर्षकाखाली दुहेरी रेघ, नामे निळ्या शाईत आणि क्रियापदे हिरव्या शाईत असतात. आठव्या-दहाव्या पानापर्यंत पट्टी सुटते आणि समास हातानेच ओढलेला दिसतो. मग शाई एकाच रंगाची होते, अक्षर तिरके होते, पुढे अर्थ न लिहिलेले नुसते शब्द उरतात, आणि त्यानंतरची पाने दुकानातून आणल्या दिवसासारखी कोरी असतात.

शेवटालाही स्वतःचे बळ असते. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते, की अन्न जवळ येऊ लागले की उंदराचा वेग वाढतो. अखेरचे प्रकरण लिहिताना रात्री जागणाऱ्या लेखकाला किंवा स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात अंगात बळ संचारलेल्या धावपटूला हे निराळे सांगायला नको. प्रश्न उरतो तो मधल्या लांबलचक टापूचा. माफेरिमा तुरे-टिलरी आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१२ मधील संशोधनातला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यात लोकांना कात्रीने एकसारख्या काही आकृत्या एकामागून एक कापायला दिल्या होत्या. पहिली आकृती नेटकी निघाली, शेवटचीही नेटकी निघाली, आणि मधल्यांचे कोपरे मात्र लोकांनी सर्रास उडवले. काम इतके क्षुल्लक, काही मिनिटांत संपणारे, तरीही मध्ये यायचा तो ढिसाळपणा आलाच. मग वर्षभराच्या संकल्पाची मधल्या महिन्यांत काय गत होत असेल, याची कल्पना करता येते.

असे का व्हावे, याचे एक पटण्याजोगे कारण मोजमापात आहे. सुरुवातीला आपण निघाल्या ठिकाणापासून मोजतो, त्यामुळे एकही शब्द येत नव्हता तिथे दहा आले, ही मोठी कमाई वाटते. शेवटाकडे आपण उरलेले मोजतो आणि दोनच प्रकरणे बाकी आहेत हे पाहून हुरूप येतो. मध्यावर मागे पाहिले तरी अंतर मोठे आणि पुढे पाहिले तरी मोठेच, त्यामुळे आजचा अर्धा तास दोन्हीकडून नगण्य दिसतो. हे कळले की उपाय फारसा गूढ राहत नाही. निम्म्यापर्यंत झालेले मोजावे, निम्म्यानंतर राहिलेले मोजावे. आणि मूळ पल्लाच तोडून लहान करावा, कारण वर्षाच्या पल्ल्याचा मध्य कित्येक महिन्यांचा असतो आणि आठवड्याच्या पल्ल्याचा फार तर दोन-तीन दिवसांचा.

या टापूत अडकलेला माणूस बहुधा उत्साहाच्या शोधात निघतो. तो प्रेरणादायी भाषणे ऐकतो, व्हिडिओ पाहतो, भिंतीवर सुविचार लावतो. भाषण ऐकताना काम केल्याचेच समाधान मिळते आणि मग काम करायचे राहून जाते, असा माझा या प्रकाराबद्दलचा ग्रह आहे, आणि तो बदलण्यासारखे अजून काही घडलेले नाही. चारचौघांत संकल्प जाहीर करण्याबद्दलही मी साशंक आहे. पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की अमुक एक होण्याचा आपला इरादा दुसऱ्याच्या नजरेत आला की काही वेळा माणूस त्यासाठी कमीच झटतो. ‘लेखक होणार’ हे इतरांनी मानले की लिहिण्याची निकड ओसरते. त्यापेक्षा याच गोलविट्झरांनी सांगितलेली साधी युक्ती मला अधिक भरवशाची वाटते: ‘रोज अभ्यास करीन’ असे मोघम न ठरवता, ‘रात्रीची भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी वही घेऊन बसेन’ इतके नेमके ठरवायचे. भांडी आवरायचीच असतात, त्यामुळे बसावे की बसू नये याची चर्चा रोज नव्याने सुरू होत नाही, आणि माणूस हरतो तो बहुतेक वेळा त्या चर्चेतच.

एकवीस दिवसांत सवय लागते, हा समज मात्र बराच घात करतो. बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा आला की आपल्यातच काही खोट आहे, असे वाटू लागते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला; कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात असेही दिसले, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. हा दिलासा मोलाचा आहे, कारण संकल्प सहसा चुकलेल्या दिवसामुळे मोडत नाहीत. ‘आता खाडा पडलाच आहे, तर पुढच्या महिन्यापासून नव्याने सुरू करू’ या विचाराने मोडतात.

एक शंका तरीही उरते, आणि ती खरी आहे. मध्यावरचा कंटाळा आणि त्या कामातला रस खरोखरच संपणे, या दोन गोष्टी आतून सारख्याच भासतात. त्यांतला फरक काम सुरू करण्यापूर्वी ओळखू येतो, असे मला वाटत नाही. बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मन कामात गुंतत असेल, तर अडचण फक्त उंबरठ्याची होती. आठवडेच्या आठवडे बसूनही ते गुंतत नसेल, घड्याळच दिसत राहत असेल, तर तो संकल्प बहुधा जुन्या हौसेचा किंवा दुसऱ्या कोणाच्या कौतुकाचा होता. तो उघडपणे, तारीख घालून रद्द करावा. ‘कधीतरी पूर्ण करू’ म्हणून टांगून ठेवलेली कामे करणाऱ्याला रोज थोडी थोडी टोचत राहतात, आणि जे काम त्याला खरोखर करायचे असते त्याच्या वाट्याची संध्याकाळही खाऊन टाकतात.