लाकडात कोरलेलं पाणी

परवा रात्री कॉलिन सी-पेंटनची वुड एन्ग्रेव्हिंग्ज, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून, वर शाई लावून कागदावर छापलेली चित्रं, बघत बसलो आणि झोपच उडाली. हा वेल्समधला कलाकार, त्याचे विषय म्हणजे पक्षी, मासे, पाणमांजरं. पाण्यात एकावर एक सरकणारे मासे, एकाच्या अंगातून दुसरा दिसतो, आणि हे सगळं फक्त काळ्या-पांढऱ्यात!

आपल्याला वुडकट माहितीये, लाकडी फळी कोरून केलेला छाप, त्यात फळी खोडाच्या उभ्या रेषांची असते. इथे मात्र लाकूड आडवं कापतात, म्हणजे खोडाच्या वर्तुळांचा भाग वर येतो, तो इतका घट्ट असतो की कुठल्याही दिशेला केसाएवढी रेघ ओढता येते. यासाठी बॉक्सवुड नावाच्या झाडाचं लाकूड सगळ्यात भारी, पण ते झाड फार हळू वाढतं आणि खोड बारीक, म्हणून मोठा ठोकळा हवा तर तुकडे चिकटवून करावा लागतो. आणि कोरलेलं छापात पांढरं येतं, न कोरलेलं काळं. म्हणजे चित्रकार अंधारातून उजेड काढत जातो, हेच मला सगळ्यात आवडतं. पाणमांजराच्या अंगावरचा एकेक केस म्हणजे एक काप, आणि चुकला तर खोडरबर नाही.

ही पद्धत नावारूपाला आणली न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकने, 1790 मधे त्याचं चतुष्पाद प्राण्यांचं पुस्तक आलं. त्याची झाडं नीट बघा, पानं कोरलेली नाहीतच, पानांवर पडलेलं ऊन कोरलंय.

कुठे प्रदर्शनात ओरिजिनल प्रिंट दिसली तर अगदी जवळ जाऊन बघा, मोबाईलवर त्या रेघा मरतात.