बी-१२ च्या एका रिपोर्टसाठी अठरा दिवस

पायाला मुंग्या येतात म्हटलं की शुगरवाल्याला सगळे एकच सांगतात, शुगरच असणार. मीपण तेच धरून बसलो होतो. मग नवीन डॉक्टर मॅडमनी गोळ्या विचारल्या. शुगरची मेटफॉर्मिन, नऊ वर्षं, रोज २००० मिलिग्रॅम. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, चार वर्षं, मेडिकलवाला विचारल्याशिवाय देतो. "ड्रिंक्स?" "कधीतरी." बायको शेजारी होती, नुसतं बघितलं तिने. मग म्हटलं, रोज दोन पेग. त्यात मी शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

मॅडम म्हणाल्या, मेटफॉर्मिनने आतड्यात व्हिटॅमिन बी-१२ नीट शोषलं जात नाही, पोटातलं ॲसिड कमी झालं की दूध-दह्यातलं बी-१२ नीट सुटं होत नाही, आणि दारूने बी-१ आणि फोलेटची (म्हणजे फॉलिक ॲसिडची) वाट लागते. बी-१२ कमी पडलं तरी पायाला मुंग्या येतात, म्हणून त्याची टेस्ट लिहून दिली.

इथून डोक्याला ताप. लॅबवाले म्हणाले उद्या रिपोर्ट. उद्या फोन केला तर सॅम्पल मेन लॅबला गेलंय, परवा सर्व्हर डाऊन, मग तीन दिवस फोनच उचलेनात, शेवटी मी स्वतः गेलो तर काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणते, काका सॅम्पल खराब झालं होतं, परत द्यावं लागेल. आठवा दिवस होता! एक मेसेज टाकायला काय झालं होतं? आणि तोवर मी शहाणपणा करून मेडिकलमधून मिथाइलकोबालामिन १५०० ची, म्हणजे बी-१२ च्याच गोळ्यांची, स्ट्रिप आणून सुरू केली होती. दुसऱ्या सॅम्पलचा रिपोर्ट यायला अजून दहा दिवस, आणि आकडा ११००. मी खूश, पेढे आणायचेच बाकी. मॅडमनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? म्हणजे रिपोर्ट रद्दीत. (टेस्टच्या आधी कुठलीही व्हिटॅमिनची गोळी घेऊ नका, हे लॅबमध्ये कुणी सांगत नाही.)

शेवटी ऑफिसच्या मागच्या वर्षीच्या चेकअपची पीडीएफ मेलमध्ये सापडली. बी-१२ १६८. लाल अक्षरात, म्हणजे कमी. मी उघडलीच नव्हती.

इंजेक्शनं सुरू झाली. दीड महिन्यात डाव्या पायाच्या मुंग्या बऱ्याच कमी आहेत, उजवा अजून हट्टी. मेटफॉर्मिन चालूच आहे, ती मनाने बंद करायची नाही, फक्त दरवर्षी बी-१२ बघायचं. पेग शनिवारपुरते, बायकोच्या देखरेखीखाली. आणि हो, नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मनाने घेऊ नका, रक्त सुधारलेलं दिसतं पण बी-१२ कमी असेल तर नसांचं आतून बिघडत राहतं, मॅडमनी दोनदा सांगितलं म्हणून लिहितोय.