‘ब्रेक’मध्ये भाजलेला हात

मी वकील नाही. युनियनचा प्रतिनिधी म्हणून औद्योगिक न्यायालयात उभा राहतो, उलटतपास घेतो, अर्ज लिहितो. इतक्या वर्षांत पुष्कळ साक्षी ऐकल्या, पण कंपनीच्या एचआर अधिकाऱ्यांची ती साक्ष आजही शब्दन् शब्द आठवते.

प्रकरण कुठल्याही एमआयडीसीत सापडेल असंच होतं. पॅकिंग खात्यातल्या ३१ बायका, कुणी सहा वर्षं तर कुणी नऊ वर्षं त्याच लाइनवर. सात महिने भरले की ब्रेक. गेटपास काढून घ्यायचा, हिशेब हातात द्यायचा आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा नवीन नेमणूकपत्र. जणू बाई पहिल्यांदाच गेटच्या आत येतेय. यामागचं कारण एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमांत, ४-सी हे कलम होतं. त्याप्रमाणे तात्पुरत्या कामगाराचे मागच्या बारा महिन्यांत सेवेचे २४० दिवस भरले की त्याला कायम करावं लागायचं. म्हणून मस्टर, म्हणजे हजेरीपट, २४० च्या अलीकडेच थांबवायचं. आमच्या एका ताईंचे मस्टरवर बारा महिन्यांत मिळून २२६ दिवस होते.

आणि ब्रेकमध्ये काय व्हायचं? ऑर्डर अर्जंट निघाली की सुपरवायझरचा त्याच बायकांना निरोप जायचा. मस्टरवर नाव नाही, पगारपत्रक नाही, आठवड्याच्या शेवटी हातात रोख. ताई मला म्हणायच्या, “दादा, काम केलंय हो आम्ही, पण दाखवायला काय आहे आमच्याकडे?” खरंच काही नव्हतं. आणि २४० दिवस काम केलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आधी कामगारावरच असते, हे सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलेलं आहे. मस्टर मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचा भार बाईच्या डोक्यावर!

माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवणं ही १९७१ च्या एमआरटीयू कायद्यात, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथांबद्दलच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, अनुचित कामगार प्रथा आहे. चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब. पण कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल, तर या बाबीखाली कामगाराला एकट्यानं कोर्टात उभं राहता येत नाही, त्या युनियनमार्फतच यावं लागतं. आमची युनियन मान्यताप्राप्त होती आणि तिचे सगळे सभासद कायम कामगार. म्हणजे या बायकांना न्याय मागायचा की नाही, हे ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी ठरवायचं.

कमिटीची मीटिंग रात्री उशिरापर्यंत चालली. “आपला करार तोंडावर आलाय, या कायम झाल्या तर कंपनी बोजा दाखवून आपलीच वाढ कापेल,” असं उघडपणे बोललं गेलं. बोलणारे वाईट नव्हते. त्यांच्याही घरी कर्जाचे हप्ते होते, आणि ती भीती खोटी आहे असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो. तेवढ्यात मागे बसलेले एक जुने ऑपरेटर उठले. निवृत्तीला काही महिनेच राहिलेले, मीटिंगमध्ये सहसा तोंड न उघडणारे. ते म्हणाले, “ताईंचा हात सीलिंग मशीनवर भाजला तेव्हा त्या ब्रेकवर होत्या. ईएसआयला, कामगार विम्याच्या दवाखान्यात, पाठवायचं म्हणून अपघाताच्या वहीत नोंद झाली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर.”

त्यानंतर मतदानाची गरजच पडली नाही. तक्रार दाखल झाली. ईएसआयसाठी ठेवावी लागते ती अपघात नोंदवही हजर करावी, असा अर्ज मी दिला आणि कोर्टानं तसा हुकूम केला.

उलटतपासात मी आधी मस्टरबद्दलच विचारत राहिलो. मस्टर तुमच्या देखरेखीखाली ठेवलं जातं? हो. रोज भरलं जातं? हो. मस्टरवर नाव नसलेली व्यक्ती मशीनच्या खात्यात जाऊ शकते? अजिबात नाही. या काळात या बाई कामावर होत्या? नव्हत्या. हे सगळं नीट उतरवून झाल्यावर नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली आणि ते पान मोठ्यानं वाचायला सांगितलं.

त्यांनी वाचलं. तारीख ब्रेकमधली. वेळ दुपारी तीन दहा. ताईंचं नाव, विमा क्रमांक, खातं पॅकिंग. ‘सीलिंग मशीनवर उजव्या हाताची दोन बोटे भाजली.’ साक्षीदारांच्या रकान्यात दोन सह्या, खाली त्यांच्याच खात्याचा शिक्का.

“क्लार्कनं तारीख चुकीची टाकली असेल,” ते म्हणाले. मी त्याच पानावरची वरची नोंद वाचायला सांगितली, मग खालची. तारखा ओळीनं लागत होत्या. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, “मग या बाई तुमच्या मशीनपर्यंत पोहोचल्या कशा?” उत्तर आलं, “सांगता येत नाही.” ते तसंच साक्षीत टंकलं गेलं.

एका नोंदीनं कमी पडलेले १४ दिवस भरून निघत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण ज्या मस्टरवर कंपनीचा सगळा बचाव उभा होता, त्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. दुपारी ऑपरेटरकाकांची साक्ष झाली. त्यांची ग्रॅच्युइटी आणि पीएफचे कागद याच एचआर खात्याच्या टेबलावरून जाणार होते. तरी कंपनीच्या वकिलांनी “युनियननं पढवलंय ना?” असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “तिचा हात पाण्याखाली मी धरला होता.” त्या माणसाबद्दल मला वाटणारा आदर शब्दांत सांगता येणार नाही.

निकालापर्यंत वेळ आलीच नाही. पुढच्या तारखांना कंपनीनं बोलणी सुरू केली आणि ३१ जणींना सेवाज्येष्ठतेनुसार टप्प्याटप्प्यानं कायम करण्याचा समझोता झाला. मागची वर्षं मात्र पदरात पडली नाहीत. त्यावर आम्हाला पाणी सोडावं लागलं, आणि ते मला अजून खुपतं.

पुढचा वेतनकरार आला तेव्हा २०२० ची औद्योगिक संबंध संहिता संसदेत मंजूर झालेली होती; ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांपुरतंच ठेवलंय. आमच्या कारखान्यात दोनशेच्या थोडं वर. म्हणजे ज्या ४-सीवर आम्ही लढलो, संहिता लागू झाली की त्याचाच आधार जाणार होता. म्हणून मागणीपत्रात आम्ही वाढीच्याही आधी एक मागणी घातली: २४० दिवसांची अट आणि त्यानंतरचं कायमपण हे शब्द करारातच लिहून हवेत. व्यवस्थापनानं बराच ताणून धरलं, “कायद्यात नाही ते आम्ही का द्यावं?” असं विचारलं. वाढीत थोडं खाली येऊन आम्ही ते कलम घेतलं. खाली येण्याला हात वर करणाऱ्यांत, त्या रात्री सगळ्यात जोरात विरोध करणारेही होते.