कंसातलं नाव

नेरळचा प्लॉट का सोडलात, हे गेली तीन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला कोणी ना कोणी विचारतंच. पाच गुंठे, बिगरशेती, रस्त्याला लागून, समोर माथेरानचा डोंगर आणि भाव आम्हाला झेपणारा. पाणी कुठं साचतं ते बघायला आम्ही दोन पावसाळे मुद्दाम भर जुलैत जाऊन आलो होतो. वकिलांनी सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, तपासले होते. मामा सोडले तर मी आजवर सगळ्यांना 'वास्तू जमत नव्हती' असं सांगत आलो. ते खोटं होतं.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर चार नावं होती. तीन भाऊ, एक बहीण. बहिणीच्या नावाला कंस, म्हणजे ते नाव कमी झालेलं. तिनं रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दिलं होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे घेणारा आधी हाच कागद बघतो. आम्हीही बघितला आणि निर्धास्त झालो.

साठेखताच्या आदल्या रविवारी हद्दीचे दगड बघायला गेलो. जून होता, पहिला पाऊस होऊन गेलेला. कोपऱ्यातल्या जांभळीखाली सडा पडला होता आणि एक बाई पिशवीत जांभळं वेचत होती. थोरला भाऊ आमच्यासोबत होता, तो एकदम गप्प झाला. मीच विचारलं, तेव्हा कळलं की कंसातलं नाव ते हिचं. शेजारच्याच गावात दिलेली. तिनं पैशाचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "झाड ठेवाल ना? आयनं लावलंय."

मी हो म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला खात्री हवी होती, म्हणून विचारलं, "ताई, सही तुमच्या मर्जीनं झाली ना?"

"मीच केली. कुनी हात नाय धरला." मग भावाकडे न बघता म्हणाली, "नसती केली तर माहेर ऱ्हायलं असतं का?"

भाऊ पायानं जांभळं बाजूला सारत उभा होता. परतीच्या लोकलमध्ये ही आणि मी बदलापूरपर्यंत बोललो नाही.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. प्लॉटचे पैसे लालबागच्या आमच्या पागडीच्या खोलीचे होते. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर खोली माझ्या नावावर व्हावी म्हणून माझ्या ताईनं शंभरच्या स्टॅम्पपेपरवर ना हरकत लिहून दिली होती. मी तिला कधीच जबरदस्ती केली नाही. तिच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, आईचं आजारपण मी काढलं. हे सगळं खरं आहे, आजही म्हणेन. पण सही करताना तिनं मला एकच विचारलं होतं, "गणपतीला येईन ना रे मी?" मी हसलो होतो. मला ती थट्टा वाटली होती.

मामा म्हणतात, त्या बाईचा हक्क गेलेलाच होता, तू प्लॉट सोडून तिला काय मिळालं? काहीच नाही. त्याच वर्षी दुसऱ्यानं घेतला. जांभूळ राहिली की नाही, बघायला मी गेलो नाही. आणि तेव्हाचा मी आज समोर आला तर मामांसारखाच भांडेल: कागद स्वच्छ होते, तुला घर बांधायचं होतं की न्यायनिवाडा करायचा होता? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. त्या जागेवर उंबरठा घालायला मन धजलं नाही, इतकंच.

आता वांगणीला तीन गुंठे घेतले आहेत. डोंगर नाही, समोर दुसऱ्याच्या कंपाउंडची भिंत आहे. खरेदीखताच्या आधी ताईला फोन केला, म्हटलं, तुझंही नाव घालू या. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता कशाला? पाणी आलंय, ठेवते." मी दोनदा परत फोन केला, तिनं उचलला नाही. दस्त माझ्या एकट्याच्या नावानं झाला.